तुझ्या आजारपणात मी वाचलेली पुस्तके

नाशिक, रविवार

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर आपले जे बोलणे झाले, त्यानंतर मी ठरवले की तुझ्या प्रकृतीविषयी आता एक अक्षरही विचारायचे नाही. तू सत्तावीस वर्षांचा आहेस, बंगळुरूसारख्या शहरात स्वतःच्या बळावर राहतोस, आणि ‘तू काळजी करतेस म्हणूनच मी सांगत नाही’ हे तुझे वाक्य मी आठवडाभर मनात घोळवले आहे. तेव्हा हे पत्र केवळ पुस्तकांविषयी आहे. तुला कावीळ झाल्याचे तुझ्या खोलीतल्या मित्राकडून कळले, त्या रात्रीपासून मला झोप अशी लागलीच नाही. त्यामुळे तीन आठवड्यांत वाचन मात्र पुष्कळ झाले.

पहिल्यांदा लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा घेतली. आपल्या घरच्या प्रतीची शिवण उसवली आहे (ती माईआत्याकडे जाऊन आली तेव्हापासून), म्हणून सार्वजनिक वाचनालयातून आणली. लक्ष्मीबाई आपल्या जवळच्याच, जलालपूरच्या. पुस्तकाच्या आरंभी त्यांच्या वडिलांच्या कडकडीत सोवळ्याचे वर्णन आहे. बाजारातून आणलेले मीठसुद्धा त्यांच्या घरी धुतले जाई. तुझ्या शाळेच्या दिवसांत मी हा भाग मोठ्याने वाचला होता आणि आपण तिघेही पोट धरून हसलो होतो. या वेळी मला हसू आले नाही. 1857 च्या धामधुमीत त्या गृहस्थांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्यानंतर त्यांचे मन असे झाले, हे लक्ष्मीबाईंनी तिथेच सांगितलेले आहे, पण आजवर ते माझ्या नजरेतून निसटत होते. मनात एकदा भीती शिरली की माणूस समोर येईल ते धूत सुटतो. परवा मीही बाबांच्या हातून पाण्याचा तांब्या काढून घेतला आणि आधी पाणी उकळायला ठेवले. तूही उकळूनच पीत असशील ना? मेसमधले पाणी यंत्रातून येते म्हणून विसंबून राहू नकोस, रस्त्यावरचा उसाचा रस तर वर्षभर नकोच, आणि तळलेले पदार्थ डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय तोंडात घालू नकोस. क्षमा कर, हे लिहायचे नव्हते.

त्या पुस्तकातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट अशी की लक्ष्मीबाईंनी आपली भीती कुठेही लपवलेली नाही. 1895 मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हाचा त्यांचा आकांत, नंतरच्या ताटातुटीची वर्षे, मग हळूहळू बदलत गेलेले त्यांचे स्वतःचे मन, हे सारे त्या स्वयंपाकघरात बसून बोलावे तसे सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई इतके नितळ मराठी लिहिते याचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते. 1936 मध्ये त्या गेल्या. शेवटचा भाग नंतर आला आणि त्यांच्या मुलाने तो पुरा केला. त्या पानांपाशी मी बराच वेळ थांबले. आईचे राहिलेले बोलणे मुलाने पूर्ण करणे, हा क्रम सरळ आहे. याच्या उलट काही माझ्या मनात येऊ लागले तेव्हा मी दिवा मालवून टाकला.

दुसरे पुस्तक भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी. ती 1963 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, म्हणजे तुझ्याहूनही लहान. कॉलेजात असताना मला तिच्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकराचा, राग आला होता. बापाच्या पैशावर पुण्यात राहून वर्षे वाया घालवणाऱ्या मुलाचे काय कौतुक करायचे, असे मी वर्गात म्हणालेही होते. आता आईच्या वयात वाचताना माझे सारे लक्ष गावाकडच्या घराकडेच राहिले. बाप आणि मुलगा दोघेही आपापल्या जागी खरे आहेत आणि दोघांत धड बोलणे मात्र होत नाही. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने मी एका बैठकीत वाचू शकले नाही.

तिथेच मला 2008 चा गोदावरीचा पूर आठवला. तू दहा वर्षांचा होतास आणि नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की नाही ते पाहायला कुणालाही न सांगता गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गेला होतास. ताई रविवार कारंजापर्यंत धावत गेली होती. तू परत आलास, ओले बूट माळ्यावर लपवलेस आणि वर्गात उशीर झाला असे सांगितलेस. मी त्या दिवशी तुला मारले, याचे मला आजही वाईट वाटते. कदाचित लपवण्याची सवय तुला त्याच दिवशी लागली असेल आणि ती मीच लावली असेन.

तिसरे ‘रणांगण’, विश्राम बेडेकरांचे, 1939 चे. त्याविषयी थोडेच लिहिते. युरोपातून निघालेल्या जहाजावर एका मराठी तरुणाला हॅर्टा ही ज्यू मुलगी भेटते. तिच्या प्रेमात जो उतावळेपणा आहे, तो उद्याची खात्री नसलेल्या माणसाचा आहे, हे मला आता समजले. इतक्या लहान पुस्तकात एवढे युद्ध मावले आहे. तरीही सध्या तू ते वाचू नयेस असे मला वाटते. आधी अंगात ताकद येऊ दे.

तुझा मित्र म्हणाला की अंगात ताप असताना तू रात्री एकटाच रिक्षा करून दवाखान्यात गेलास, कागद भरलेस आणि सकाळी त्यालाच चहा घेतलास का म्हणून विचारलेस. हे ऐकून माझा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी हातपायही गळाले. बाबा काही बोलत नाहीत, पण तुझ्या रक्ततपासणीतला बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीचा, 6.8 हा आकडा त्यांनी कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

‘स्मृतिचित्रे’ची नवी प्रत विकत घेऊन सोबत पाठवत आहे. पडल्या पडल्या रोज चार पाने वाच आणि काय वाटले ते मला लिही. पुस्तकाविषयीच लिहिलेस तरी चालेल. रक्ताची दुसरी तपासणी मागच्या गुरुवारी व्हायची होती. तिचा आकडा त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहिलास, तर बाबा तो पहिल्या आकड्याच्या खाली मांडतील.

तुझी,
आई