किवीचा नर कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शेती पुरवणीत नुकताच नाशिक जिल्ह्यातल्या किवी लागवडीवर लेख आला. उष्ण हवेत येणारा नवा वाण, पिवळा गर, तिसऱ्या वर्षी फळ, द्राक्षाला उत्तम पर्याय, असं सगळं त्यात होतं. शेवटी रोपाचा भावही होता. मी निफाड तालुक्यात द्राक्षाची कलमं बांधतो, वडीलही तेच करायचे. रोपं विकून पोट भरणारा माणूस दुसऱ्या रोपवाल्याविरुद्ध लिहितोय म्हटल्यावर धंद्यातली पोटदुखी म्हणून कुणी हसेल, तर हसू दे. पण तो लेख वाचून आमच्या शिवारातल्या दोघा-तिघांनी इसार दिलाय, म्हणून गप्प बसवत नाही.

लेखात वाणाचं नाव होतं, वर्णन नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्याचं वर्णन नाही तो वाणच नाही, मग नाव कितीही चमकदार असो.

हीच रोपं मी शहरातल्या एका कृषी प्रदर्शनात पाहिली होती. काळ्या पिशवीत वीतभर रोप, पानं गोलसर, देठावर लव. खाली वाकून कलमाचा सांधा शोधला, नव्हता. काडी रुजवून केलेलं रोप असेल तर सांधा नसणारच, ते ठीक. पण मग ती काडी कुठल्या वेलीची? स्टॉलवरच्या पोराला विचारलं, "आईवेल कुठंय?" "बाहेरून आणलेलं मटेरियल आहे, काका." "आणि नर कुठला लावायचा?" "याला नर लागत नाही, सेल्फ आहे." पिशवी मोकळी करून मूळ बघू का म्हटलं, तर त्याने हळूच माहितीपत्रक हातात दिलं. मूळ बघायचं कारण असं की, बियाचं रोप असेल तर सोटमूळ सरळ खाली गेलेलं दिसतं. काडीच्या रोपाला बुडाशी गाठ धरून चहूबाजूंनी मुळं फुटतात. बाजारातल्या किवीतलं बी सहज रुजतं. पण त्यातलं प्रत्येक रोप वेगळं, आणि ढोबळमानाने निम्मे नर. असली रोपं वाण म्हणून विकणं म्हणजे काय, ते बागायतदाराला सांगायला नको.

त्या माहितीपत्रकावर पिवळ्या किवीचा मोठा फोटो होता. घरी येऊन चष्मा लावून बघितला. फळावर केस जवळजवळ नाहीत, साल तपकिरी आणि गुळगुळीत, आणि देठाच्या विरुद्ध टोकाला स्पष्ट चोच आलेली. ही चोच ज्याने एकदा पाहिली तो विसरत नाही. न्यूझीलंडच्या ‘हॉर्ट १६ ए’ या जातीची ती ओळख आहे, ‘झेस्प्री गोल्ड’ या नावाने जगभर विकली गेलेली तीच. म्हणजे हवामान नाशिकचं, वाण नवा आणि फोटो न्यूझीलंडचा! बरं, त्या जातीचं पुढे काय झालं तेही ऐका. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या ‘ते पुके’ नावाच्या भागात ‘पीएसए’ हा जिवाणूजन्य रोग सापडला. त्याला सगळ्यात आधी बळी पडली ती हीच जात. बागाच्या बागा बुंध्यापर्यंत कापून त्यावर ‘गोल्ड ३’ या जातीची कलमं बांधावी लागली. तिकडच्या बागायतदारांनी जी करवतीने कापली, तिचा फोटो लावून इकडे इसार घेतला जातोय.

वर्णनाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ही चोच आहे. नव्या जातीचं वर्णन करायचं म्हणजे कोवळ्या फुटीवर लव किती, पानाचा आकार कसा, पाकळ्यांचा रंग कोणता, फळ लांबट की अंडाकृती, केस दाट की विरळ आणि हाताने पुसले जातात का, आडवं कापल्यावर मधला गाभा किती मोठा, गराचा रंग नेमका कोणता, हे सगळं लिहायचं. रंगसुद्धा ‘पिवळसर’ असं लिहून भागत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगपट्ट्यांचा तक्ता असतो, त्यातली पट्टी गराशेजारी धरून तिचा क्रमांक लिहितात. आणि हे सगळं जवळच्या, आधीपासून माहीत असलेल्या जातीशी ताडून. हिमाचलमध्ये लावतात त्या ‘अ‍ॅबट’ आणि ‘अ‍ॅलिसन’ या जातींची फळं एकमेकींसारखीच. अ‍ॅलिसनचं फळ लांबीच्या मानाने किंचित रुंद, एवढा फरक. तो कुणीतरी मोजून लिहून ठेवला म्हणून आज दोन जाती दोन राहिल्या.

आता नराचं. किवीत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. मादीच्या फुलात पुंकेसर भरपूर दिसतात, पण त्यांचा पराग वांझ. फुलात मधुरस नाही, त्यामुळे मधमाशीही फार हौसेने येत नाही. साधारण आठ-नऊ माद्यांमागे एक नर लावतात आणि दोघांचा फुलोरा एका वेळी यावा लागतो. ‘हेवर्ड’ ही मादी जात उशिरा फुलते, म्हणून तिला ‘टोमुरी’सारखा उशिराचा नर जोडतात. नराशिवाय धरणाऱ्या जाती नाहीतच असं नाही. ‘जेनी’ म्हणून एक आहे, घरच्या परसात लावायला ठीक. मग स्टॉलवर सांगायचं की ही जेनी आहे किंवा तिची लेक आहे. नुसतं ‘सेल्फ आहे’ म्हणून कसं चालेल?

खरी गंमत, आणि खरं कष्टाचं काम, पुढे आहे. समजा आपल्याला मोठ्या फळाची किवी हवी म्हणून संकर करायचा. आई निवडता येते, तिचं फळ खाऊन बघता येतं. बापाचं काय? त्याला फळच लागत नाही. त्याच्यात गोडी आहे की आंबटपणा, गर हिरवा की पिवळा, कशावरून ठरवणार? वळूचं दूध काढून कुणी बघत नाही. त्याच्या लेकी किती दूध देतात त्यावरून वळूची किंमत ठरते. इथेही तसंच. नराचा पराग वेगवेगळ्या माद्यांना लावायचा, बी रुजवायचं, रोपं मांडवावर चढवायची, तीन-चार वर्षांनी फुलं आली की त्यातल्या माद्यांची फळं चाखायची आणि मग म्हणायचं की हा बाप चांगला. हल्ली डीएनए तपासून रोप नर की मादी हे लहानपणीच कळतं. पूर्वी सगळ्यांना फुलेपर्यंत पोसावं लागायचं. त्यातून एखादी वेल बरी वाटली की तिचे डोळे दुसऱ्या खुंटांवर बांधायचे, वेगवेगळ्या जमिनीत लावून बघायचं, फळ शीतगृहात किती टिकतं ते बघायचं. हॉर्ट १६ ए चा संकर १९८७ चा आणि ती बाजारात रुळली २००० च्या सुमारास. तेही पगारी शास्त्रज्ञ, स्वतःची बाग आणि सरकारचा पैसा पाठीशी असताना. आमच्याकडे तीन वर्षांत वाण तयार, रोपं तयार आणि दुसरी बॅच बुकिंगला!

हेवर्डची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर या मुख्याध्यापिकेने चीनमधून बी न्यूझीलंडला नेलं, १९१० मध्ये तिथे पहिली फळं लागली. पुढे हेवर्ड राइट यांनी रोपांमधून जी वेल निवडली तिने साठवणीत टिकण्याच्या जोरावर बाकीच्या सगळ्या जातींना मागे टाकलं. राइट हे रोपवाटिकावालेच. त्यामुळे मला त्यांच्याविषयी जरा जास्त आपुलकी वाटते, हे कबूल करतो.

थंडीचा मुद्दा लेखात एका वाक्यात उडवला आहे: ‘निफाडची थंडी प्रसिद्ध आहेच.’ आहे ना! पण किवीला पहाटेचा गारठा पुरत नाही. सुप्तावस्था मोडायला सात अंशांखालचे तास मोजतात आणि हेवर्डला असे सातशे-आठशे तास लागतात. आपल्याकडे पारा इतका खाली जाणाऱ्या पहाटा थोड्या. हिवाळ्यात अशा वीस पहाटा धरल्या आणि दर पहाटे पाच तास धरले, तरी शंभरच तास होतात. दुपारी पुन्हा सदऱ्याची बटणं काढावी लागतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. न्यूझीलंडमध्ये किवीलाही तेच औषध वापरतात. पण ते तिथल्या थंडीला जोड म्हणून, थंडीच्या बदली नव्हे. आपल्या देशात किवी पहिल्यांदा लावली १९६० मध्ये बंगळूरच्या लालबागेत, शोभेची वेल म्हणून. पीक म्हणून तिचा पाया घातला गेला तो शिमल्यात, १९६३ पासून. आज ती हिमाचलात आणि अरुणाचलात आहे, यामागे हवाच आहे. पिवळ्या गराच्या जातींना हेवर्डपेक्षा थंडी कमी लागते, हे खरं. त्यामुळे नाशकात किवी कधी होणारच नाही, असं मी म्हणत नाही. कमी थंडीत डोळे फोडणारी मादी आणि तिच्याच वेळी फुलणारा नर कुणी खरंच तयार केला, तर त्याच्या पाया पडायला मी जाईन. जाताना मोजपट्टी बरोबर नेईन, इतकंच.

हा संशय फक्त किवीपुरता नाही. द्राक्षातही दरवर्षी कुणीतरी लांब मण्याचा ‘नवा वाण’ घेऊन येतो. मी पहिला प्रश्न विचारतो: जीए किती दिलं? जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वाढीचं औषध. त्यात घड बुडवला की कुठल्याही थॉमसन द्राक्षाचा मणी लांबतो आणि सीपीपीयू या तसल्याच दुसऱ्या औषधाने मणी फुगतो. किवीचं फळही सीपीपीयूने असंच फुगतं. म्हणून मोजमाप करायचं ते औषध न लावलेल्या घडाचं. आमच्या बागेत एका वेलीवर असा वेगळा घड आला होता. काडीला लाल सुतळी बांधली, तिच्या बाजूच्या काड्यांचे घड जीएविना ठेवले, व्हर्नियरने दोन्हींचे मणी मोजले, रिफ्रॅक्टोमीटरने साखर पाहिली. पुढच्या हंगामात त्याच काडीवरचा माल इतरांसारखाच निघाला. सुतळी सोडून टाकली आणि वहीत तसं लिहून ठेवलं. वाण होता होता राहिला, असं प्रत्येक बागेत होत असतं.

होणारे वाण होतातही. तासगावच्या आर्वे यांचा ‘तास-ए-गणेश’, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांचा ‘सोनाका’ हे शेतकऱ्यांच्या नजरेनेच हेरलेले वाण, आणि त्यांच्या जिवावर आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बंगल्यांचे स्लॅब पडले. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ हा रसाचा वाण पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून काढला. आई-बापाची नावं चारचौघांत सांगता येतात, हा त्यातला फरक बघा.

कायदाही आपल्या बाजूने आहे, कुणी वाचत नाही एवढंच. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. नवा वाण नोंदवायचा तर तो माहीत असलेल्या वाणांपेक्षा वेगळा हवा, त्याची सगळी रोपं एकसारखी हवीत आणि पुढे वाढवत नेला तरी गुण तसेच टिकायला हवेत. शेतकऱ्यालाही स्वतःचा वाण नोंदवता येतो. वेल आणि झाडांना एकूण अठरा वर्षं संरक्षण मिळतं. वाणाचं नाव दिशाभूल करणारं असेल तर ते नाकारता येतं. आणि रोपं खरोखर ‘बाहेरून’ आणलेली असतील, तर प्रश्न आणखी गंभीर आहे. २००३ च्या क्वारंटाइन आदेशानुसार परवान्याशिवाय परदेशी काडी देशात आणता येत नाही. पीएसए रोग काडीबरोबर फिरतो. शिवाय हक्क राखीव असलेल्या गोल्ड ३ च्या काड्या परवानगीशिवाय चीनमध्ये पाठवल्याबद्दल न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका बागायतदाराला दीड कोटी डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला लावली. आपल्या गरीब शेतकऱ्याने मांडव घालून ते झेंगट गळ्यात का घ्यावं?

संपादकसाहेब, आपल्या वार्ताहराला दोष देत नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. पण पुढच्या वेळी नव्या वाणाची बातमी छापण्याआधी त्याला एवढं विचारायला सांगा की आई कोण, बाप कोण, आईवेल आज कुठे उभी आहे आणि तिथे जाऊन बघता येईल का. फोटो छापाल तो त्याच वेलीवरच्या फळाचा छापा, शेजारी पट्टी ठेवून. ज्यांनी इसार दिलाय त्यांनी पावतीवर वाणाचं नाव, नर-मादी आणि रोप बियाचं की कलमाचं हे लिहून मागावं. लिहून देत नसतील तर इसार परत मागावा.

आणि आपल्या जिल्ह्यात कुणाच्या किवीला खरोखर फळ धरलं असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. फुलोऱ्यात एकदा आणि काढणीला एकदा येईन, डिझेल माझं. व्हर्नियर, रिफ्रॅक्टोमीटर आणि काटा घेऊन येतो. पाच फळं कापायला द्यावी लागतील, त्यांचे पैसेही देईन.

कळावे,
आपला,
एक रोपवाटिकाधारक,
ता. निफाड, जि. नाशिक
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)