सस्नेह आवाहन (जानेवारी २०२४) : यॉर्कचे वीतभर शिल्प आणि आपला खारीचा वाटा

सर्व सभासद, आजीव सभासद आणि हितचिंतक यांना सस्नेह नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ आत्ता कुठे वाटून झाला आणि लगेच आपल्यापुढे हात पसरायची वेळ आली, याचा संकोच वाटतो. पण इंग्लंडमधल्या आपल्या यॉर्कचे एक मध्ययुगीन शिल्प परदेशी जाऊ नये म्हणून ही मदत मागत आहे, आणि २ फेब्रुवारी २०२४ ची तारीख आपल्यासाठी थांबणार नाही.

२०१६ साली आपण बस करून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलो होतो, ते आठवत असेल. बसचे अर्धे भाडे डॉक्टरकाकांनी भरले आणि ‘माझे नाव कुठे छापू नका’ असे बजावले, म्हणून आजही छापत नाही. काकूंनी पहाटे उठून सगळ्यांच्या दशम्या आणि दाण्याची चटणी बांधून दिली होती. मुलांचा घोळका टिपू सुलतानाच्या लाकडी यांत्रिक वाघापाशी अडकला, आणि मध्ययुगीन दालनात आपल्या वसईच्या ख्रिस्ती मावशी एका काचेपुढे उभ्या राहिल्या त्या हलेचनात. काचेमागे क्रूसावरून उतरवलेला ख्रिस्त होता. त्याचे दफन करणाऱ्या शिष्याने, अरिमथाईकर योसेफने, त्याला कवेत धरले आहे, निष्प्राण देहाचा सगळा भार त्याच्यावर आला आहे. मूर्तीची उंची सुमारे १८ सेंटिमीटर, म्हणजे पुरती वीतही नाही. मावशी एवढेच म्हणाल्या, “किती जपून धरलंय बघा.”

तेच हे शिल्प. इ. स. ११९० ते १२०० च्या सुमाराला, बहुधा आपल्या यॉर्कमध्येच कोरलेले. आपण त्याला हस्तिदंती म्हणतो, पण ते वॉलरसच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या एका मोठ्या समुद्री प्राण्याच्या, सुळ्यात कोरलेले आहे. हे सुळे नॉर्स (स्कँडिनेव्हियातले) व्यापारी उत्तरेच्या समुद्रातून, ग्रीनलंड-आइसलंडकडून आणत. सुळा अरुंद, आणि आतला गाभा रवाळ. वरच्या गुळगुळीत थरात जेवढे कोरता येईल तेवढेच कारागिराच्या हाती. तेवढ्या जागेत त्याने दोन माणसे आणि एक अख्खे दुःख बसवले. ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांतल्या प्रसंगांचा हा एक मोठा संच असावा. शेवटच्या भोजनातल्या यहूदाचा (ख्रिस्ताला दगा देणाऱ्या शिष्याचा) एक तुकडा संग्रहालयाकडे आधीपासून आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठ मोडले, पुढे मूर्ती फोडल्या-जाळल्या गेल्या, त्यातून त्या काळातले इंग्लंडमधले असे काम फारच थोडे वाचले.

१९८२ पासून २०२२ पर्यंत, तब्बल ४० वर्षे, हे शिल्प संग्रहालयात होते, पण खाजगी मालकाने दिलेली उसनी ठेव म्हणून. आता ते विक्रीला आले आहे आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घ्यायचे ठरवले आहे. किंमत २० लाख पौंडांहून थोडी अधिक. सरकारने निर्यात परवाना २ फेब्रुवारीपर्यंत रोखून धरला आहे. तोवर इथल्या संस्थेची खरेदीची तयारी दिसली तर मुदत वाढू शकते, नाही तर परवाना मिळून शिल्प जाईल. हवी असलेली वस्तू अशी हातची निसटणे पूर्वीही घडलेले आहे. बाराव्या शतकातला, असाच वॉलरसच्या सुळ्यात कोरलेला एक मोठा क्रूस ब्रिटिश म्युझियमला हवा होता. मुदतीत जमले नाही, आणि १९६३ साली तो न्यूयॉर्कला गेला. तिथे तो उत्तम जपला आहे, तक्रार नाही. पण यॉर्कशायरमधल्या शाळकरी मुलाला तो पाहायला अटलांटिक ओलांडावा लागतो.

“हे ख्रिस्ती शिल्प, त्यात ब्रिटिशांचे. आपला काय संबंध?” असे कार्यकारिणीच्या बैठकीत विचारले गेले. मला वाईट वाटले, कारण मावशी तिथेच बसल्या होत्या. आपल्या गणपतीच्या आरतीला गेली १४ वर्षे तबक त्या लावतात. संबंध विचारता, तर ऐका. फादर थॉमस स्टीफन्स हा विल्टशरचा इंग्रज. तो १५७९ साली गोव्यात उतरला, आपली मराठी शिकला, आणि ही ख्रिस्ताचीच कथा त्याने ओव्यांमध्ये सांगितली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. त्या जुन्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. पण नागरी लिपीतले एक हस्तलिखित लंडनला, सोआस या लंडन विद्यापीठाच्या संस्थेच्या ग्रंथालयात, नीट जपून ठेवलेले आहे. आपल्या भाषेचे धन या देशाने सांभाळले. त्यांच्या वीतभर मूर्तीसाठी आपण चार पौंड काढू शकत नाही का?

आपले मंडळ मोठे नाही, पण वेळेला मागे राहिलेले नाही. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात आपण चार दिवसांत निधी उभा केला. मराठी शाळेच्या ताईंनी त्या महिन्याचे मानधन घेतले नाही, आणि ब्रॅडफर्डच्या आजींनी पाटल्यांसाठी साठवलेले पैसे पाकिटात घालून दिले. टाळेबंदीत आपल्या नर्स भगिनींना सव्वा वर्ष डबे पोहोचवणाऱ्या तिघा तरुणांचे ऋण तर फिटणारच नाही. म्हणूनच मागच्या वर्षी शाळेच्या पुस्तकांसाठी लिहिले, सगळ्यांनी ‘छान उपक्रम’ म्हटले आणि नऊ घरांतूनच पैसे आले, ते मनाला लागले. यंदा तसे होऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे.

तपशील : मंडळातर्फे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला एकत्रित देणगी जाईल. किमान रक्कम नाही, मुलांनी खाऊच्या पैशातले एक नाणे दिले तरी चालेल. शनिवार २७ जानेवारीला हळदीकुंकवाच्या वेळी दाराशीच पेटी असेल. रोख किंवा धनादेश, बंद पाकिटात, वर नाव. बँकेतून पाठवणाऱ्यांनी वर्गणीच्याच खात्यावर भरून संदर्भात ‘यॉर्क’ लिहावे, नाही तर खजिनदारांना ती वर्गणी वाटते. इथे आयकर भरणाऱ्यांनी पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड लिहून गिफ्ट एडच्या (देणगीवरच्या करसवलतीच्या योजनेच्या) कागदावर सही करावी. दर पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून वाढून मिळतात. कागद पेटीजवळच असतील, पेन आणावे. थेट संग्रहालयाकडे दिलेत तरी आनंदच, फक्त कळवा. खरेदी जमली नाही तर या पैशांचे काय करायचे, ते संग्रहालयाला विचारून पुढच्या सभेत सांगेन. रविवारी रात्री हिशेब बंद, सोमवारी २९ तारखेला सकाळी रक्कम रवाना. ज्यांना गाडीने सोडायला कोणी नाही त्या आजी-आजोबांनी मला फोन करावा, पाकीट घरी येऊन घेऊन जाईन.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)