मीटरचा लाल दिवा आणि आडमुठी म्हैस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीजबिलं वाढल्याची पत्रं आपल्या अंकात वरचेवर येतात. त्यात दराबद्दल पुष्कळ असतं, घरात वीज जाते कुठं याबद्दल फारसं नसतं. म्हणून हे लिहिते.

आमची पन्हाळा तालुक्यात दीड एकर जमीन. ऊस, थोडं भात, दोन म्हशी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून वीज माफ झाली, तेव्हापासून मोटारीच्या बिलाची काळजी गेली. घरचं बिल मात्र दिवाळीनंतर 187 युनिटांवर गेलं. घरात माणसं चार, एसी नाही, ओव्हन नाही. मीटर पळतंय, बदलून घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. शेजारच्या एका भाऊजींनी तर गोठ्याची लाइन शेतीच्या मोटारीवर टाकायचा सल्ला दिला. त्याला वीजचोरी म्हणतात, एवढंच त्यांना सांगितलं.

मुलाने एक युक्ती काढली. रात्री जेवणं झाल्यावर पंखे, दिवे, फ्रिज सगळं बंद केलं. टीव्हीच्या डब्याची पिनसुद्धा काढली, कारण तो डबा टीव्ही बंद असतानाही वीज खातो. मग बॅटरी घेऊन दोघं मीटरपुढे उभी राहिलो. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर 3200 असा आकडा छापलाय, म्हणजे दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घरात काही चालू नसताना दिवा लागायलाच नको होता. तो दर 28 सेकंदांनी लागत होता. मुलाने हिशेब केला : 40 वॅट, रात्रंदिवस, महिन्याला 29 युनिटं!

एकेक फ्यूज काढत गेलो. गोठ्याचा फ्यूज काढला आणि दिवा थांबला.

आता म्हशीचं सांगते. आमची थोरली म्हैस दोन-तीन महिने गव्हाणीला तोंड लावायला तयार नसे. वैरण टाकली की पुढं यायची आणि लोखंडी खांबाला अंग लागलं की दचकून मागं. दूधही कमी झालं होतं. आम्ही तिला आडमुठी ठरवली, सासूबाईंनी दोनदा मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि त्याने खांबाला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. परड्यातून गोठ्यात नेलेली वायर पत्र्याच्या काठावर घासून सोलली होती. वीज पत्र्यातून खांबात आणि खांबातून ओल्या जमिनीत चालली होती. आम्ही पायात चपला घालून वावरतो, म्हणून वाचलो. म्हशीला कुठल्या चपला? बिल वाढलं म्हणून हे कळलं, नाहीतर पावसाळ्यात काय झालं असतं ते लिहवत नाही. नवी वायर पाइपातून नेली, गोठ्याला अर्थिंग केलं आणि गळती झाली की लाइन तोडणारा ईएलसीबी बसवून घेतला.

बाकीची बचत त्यामानाने सोपी होती. गोठ्यात 60 वॅटचा पिवळा बल्ब बारा तास जळायचा, महिन्याला साडेएकवीस युनिटं. त्याजागी 9 वॅटचा एलईडी लावला, आता सव्वातीन होतात. सर्वांत मोठा चोर निघाला पाणी तापवायचा रॉड. 1500 वॅटचा रॉड एका बादलीला अर्धा तास लावला की पाऊण युनिट जातं. रोज तीन बादल्या म्हणजे महिन्याला 67 युनिटं. माळ्यावर टाकलेला तांब्याचा बंब खाली काढला, चिंचेने घासला, आता तो चिपाडांवर आणि नारळाच्या शेंड्यांवर पेटतो. धूर होतो, हे खरं. पहाटे उठून तो पेटवायचं काम माझ्याच वाट्याला आलंय, तेही खरं.

फेब्रुवारीचं बिल 74 युनिटांचं आलं. पैशांत ते आधीच्या तिसऱ्या हिश्श्यावर उतरलं, कारण शंभरच्या पुढचं युनिट पहिल्या शंभरांतल्या युनिटाच्या जवळपास दुप्पट पडतं. आमची 87 युनिटं त्या महागाच्या टप्प्यात होती, ती आधी गेली. बिलाच्या कागदावर हे टप्पे छापलेले असतात, पण आम्ही फक्त खालची रक्कम आणि शेवटची तारीख बघतो.

गावात सध्या सोलरवाले फिरतात. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार आणि तीन किंवा जास्तला 78 हजार अनुदान आहे, म्हणून सगळे तीन किलोवॉटच गळ्यात मारू बघतात. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिटं देतं, म्हणजे आमची गरज भागून वर उरेल. डिसेंबरातच पॅनेल बसवलं असतं, तर ती वीज गोठ्याच्या खांबातून जमिनीत गेली असती आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

आपल्या शेतीपुरवणीत अनुदानाच्या बातम्या असतात, त्या उपयोगाच्या आहेत. त्यांच्याच शेजारी पावसाळ्याआधी गोठ्याची वायरिंग कशी तपासावी, यावर एखादा सचित्र लेख द्यावा, ही विनंती. आमच्या वाडीत मीटरपुढे बॅटरी घेऊन उभं राहायचा कार्यक्रम आणखी चार घरांत झाला. दोन घरांत दिवा थांबला नाही.

आपली,
एक शेतकरी वाचक,
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर