ग्रीन टी प्या, कॅप्सूल नकोत

महोदय,

लठ्ठपणा कमी करायला म्हणून ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आता मराठवाड्यात तालुक्याच्या गावीही सर्रास मिळतात. तेलकट-तुपकट चाऱ्यावर लठ्ठ केलेल्या उंदरांत ग्रीन टीतल्या ‘ईजीसीजी’ या घटकाने मेंदूतला दाह (सूज) कमी झाल्याचं दिसलं, हे खरं. पण माणसांत तसा ठोस पुरावा अजून नाही. उलट रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच दिला आहे. उपाशीपोटी धोका वाढतो.

प्यायचाच तर साधा ग्रीन टी प्या. आपल्याकडे चहा खळखळ उकळायची सवय. ही पत्ती तशी उकळली की कडूजहर होते. पाणी उकळून उतरवा, चार-पाच मिनिटं थांबा, कपाला दोन ग्रॅम पत्ती टाका, तीन मिनिटांत गाळा. साखर घातली तर लठ्ठपणा कमी करण्यासाठी पिण्यात अर्थच उरला नाही. भाकरी-पालेभाजीसोबत तर नकोच: त्यातलं लोह नीट अंगी लागत नाही. जेवणानंतर तासभर जाऊ द्या. रक्त कमी असलेल्या बायकांनी, गरोदरांनी हे कटाक्षाने पाळावं.

– एक आहारतज्ज्ञ, लातूर