मिथेनॉलचे नाव बातमीत छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘विषारी गावठी दारूचे बळी’ हा मथळा मी आपल्या आणि इतरही मराठी दैनिकांत गेली कित्येक वर्षे वाचत आले आहे. प्रत्येक वेळी खालची बातमी शेवटपर्यंत वाचते. किती माणसे गेली, किती अत्यवस्थ आहेत, कोणाला अटक झाली, हे सगळे त्यात असते. विष कोणते होते आणि ते आले कुठून, हे मात्र क्वचितच सापडते. मी सत्तावीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे आणि माझे बालपण भट्टीच्या धगीशेजारी गेले आहे. म्हणून हे पत्र, त्या विषाच्या, म्हणजे मिथेनॉल या कारखान्यांत लागणाऱ्या अल्कोहोलच्या, नावासाठी.

माझे माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. वडिलांकडे काजूच्या भट्टीचा रीतसर परवाना होता. मार्च ते मे आमचे अख्खे घर बोंडूंच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, वासात बुडालेले असे. झाडावरचा बोंडू कोणी तोडायचा नाही, पिकून आपणहून खाली पडलेलाच उचलायचा, हा बाबांचा दंडक. कातळात कोरलेल्या उथळ कुंडीत माणसे पायांनी बोंडू तुडवत. चोथ्यावर दगड ठेवला की त्यातून थेंब थेंब निरो पाझरे आणि आम्हा मुलांना तो तांब्याभर मिळे. तुडवलेला रस तीन दिवस आंबायचा. त्यात गूळ नाही, नवसागर नाही, बाहेरचे यीस्टसुद्धा नाही. फळाबरोबर येते तेवढे पुरे. मग तांब्याच्या भाणात, म्हणजे भट्टीच्या हंड्यात, रस, खाली लाकडाचा जाळ, आणि वाफ नळीवाटे मातीच्या लावणीत, म्हणजे ती गार होऊन जिथे साठते त्या मडक्यात. लावणीवर गार पाणी ओतत राहणे हे माझे आणि धाकट्या भावाचे काम. पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक, त्यात मद्यार्क साधारण पंधरा टक्के. तो पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर चढवला की फेणी, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांची.

यामागचे विज्ञान आठवीच्या पुस्तकात मावेल एवढे साधे आहे. यीस्ट साखरेचे इथेनॉल, म्हणजे दारूतला मद्यार्क, करते. इथेनॉल ७८ अंशाला उकळते, पाणी १०० अंशाला. म्हणून आंबलेला रस तापवला की वाफेत मद्यार्क जास्त येतो आणि पाणी कमी. ऊर्ध्वपातन ते एवढेच. भट्टी नवे काही घडवत नाही, रसात जे आहे तेच वेगळे काढून घट्ट करते.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, असे कौतुकाने म्हणतात. बाबा मात्र सुरुवातीला उतरलेले वाटीभर बाजूला काढून ठेवत. त्यात अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट असली लवकर उडणारी द्रव्ये असतात, नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखा भपकारा येतो आणि डोके धरते. पण नववीतल्या एका मुलाने मला विचारले होते, “बाई, पहिली धार टाकली की विष गेलं ना?” त्याला जे सांगितले तेच इथे लिहिते. नाही. मिथेनॉल ६५ अंशाला उकळत असले तरी पाणी आणि इथेनॉल यांच्या मिश्रणात ते पहिल्या वाटीत गोळा होऊन बसत नाही, धारेबरोबर शेवटपर्यंत थोडे थोडे येत राहते. फळाच्या गरातल्या पेक्टिनमुळे ते तयार होते, पण अगदी अल्प, आणि त्याच्या कितीतरी पट इथेनॉल सोबत असते. माणसे पटापट मरतात ती कोणीतरी बाहेरून मिथेनॉल ओतल्यामुळे. आणि एकदा ओतलेले मिथेनॉल धार टाकून निघत नाही.

ओततात कारण ते कारखान्यांत लागते, पिंपांनी मिळते, स्वस्त असते, रंगहीन असते आणि वासाने ओळखू येत नाही. हातभट्टी लावायला गूळ हवा, सरपण हवे, आठवडाभर राखण हवी. मिथेनॉलच्या पिंपात पाणी घातले की पिशव्या भरायला एक रात्र पुरते. २००४ साली विक्रोळीत, २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत, २०२२ साली गुजरातेत बोटाद भागात, २०२४ साली तमिळनाडूत कल्लाकुरिचीला हेच विष निघाले. एकट्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली.

मिथेनॉल काय करते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. १९९८ सालच्या मे महिन्यात आमच्या शाळेत रंगकाम चालू होते. बारावीच्या प्रयोगांसाठी आणलेली मिथाइल अल्कोहोलची, म्हणजे मिथेनॉलचीच, अर्ध्या लिटरची बाटली कपाटात होती आणि कपाटाला कुलूप लावायचे माझ्याकडून राहिले होते. एका रंगाऱ्याने चिठ्ठीवरचा ‘अल्कोहोल’ हा एक शब्द वाचला आणि दोन घोट घेतले. त्या संध्याकाळी तो नीट चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको त्याला हाताला धरून घेऊन आली. तो म्हणाला, “बाई, माका सगळा धुरकट दिसता.”

शरीरात मिथेनॉलपासून फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्याच्या नसेवर चढते. त्याला काही तास लागतात, कधी अख्खा दिवस, म्हणून माणूस गाफील राहतो. गोव्यातल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला शिरेतून इथेनॉल दिले. नातेवाईक चक्रावले, दारूने झाले आणि पुन्हा दारूच? पण यकृतातले एकच विकर (एन्झाइम) दोन्हींवर काम करते आणि ते इथेनॉलला आधी हात घालते. तेवढ्या वेळात मिथेनॉल रक्तातून काढता येते, गरज पडली तर डायलिसिसने. तो वाचला. उजव्या डोळ्याने त्याला पुढे सावल्याच दिसत राहिल्या. ते कुलूप मी विसरलेले नाही.

म्हणूनच शब्दांबद्दल इतकी कळकळीने लिहिते आहे. त्या रंगाऱ्याला ‘मिथाइल’ हा शब्द ठाऊक असता तर त्याने बाटली उघडली नसती. आपण ‘गावठी दारूचे बळी’ छापता तेव्हा वाचकाला वाटते की मडक्यातल्या दारूला कधीकधी विष चढते, जसे दूध नासते. मग दोन दिवस गावोगावच्या भट्ट्या फुटतात, मोहाचा आंबवलेला सडवा ओहोळात ओतला जातो, त्याची छायाचित्रे येतात, आणि पिंप ज्या गोदामातून निघाले त्या गोदामाबद्दल एक ओळ येत नाही.

मी दारूची भलामण करत नाही. माझ्या सासरच्या वाडीत तिने उद्ध्वस्त केलेली तीन घरे आहेत आणि गूळ-नवसागर प्लास्टिकच्या पिंपात कुजवून काढलेला माल मी कोणालाही पिऊ देणार नाही. पण माझे माहेर आणि सासर यांच्यात फक्त गोवा-महाराष्ट्राची एक सीमा आहे. तिकडे फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली राज्याने तिला वारसा पेय म्हटले, काजूच्या क्षेत्रांचा सरकार लिलाव करते आणि भट्टीवाल्याचे नाव दप्तरात असते. इकडे दोडामार्गात आमच्या साठ झाडांच्या बागेत, वेंगुर्ला-४ जातीच्या, बी पिळून घेतली की तिच्या कितीतरी पट वजनाचा बोंडू झाडाखाली टाकून द्यावा लागतो. एका दिवसात तो आंबतो, माश्या घोंघावतात. २०२२ साली आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने काजूबोंड आणि मोहाफुलांच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्या’चा दर्जा द्यायचे ठरवले. दहा-बारा शेतकऱ्यांनी मिळून चालवायच्या छोट्या, तपासणी होणाऱ्या भट्टीचे दार त्या निर्णयाने उघडलेले मला तरी दिसत नाही. नोंद असलेल्या भट्टीतला नमुना प्रयोगशाळेत नेता येतो. रानात लपवलेल्या भट्टीतला कोण नेणार?

आपल्याला विनंती दोनच. पुढच्या वेळी अशी घटना घडली, आणि ती घडू नये हीच इच्छा, तर प्रयोगशाळेच्या अहवालात मिथेनॉल निघाल्यावर ते नाव मथळ्यात छापा आणि ते कोणाच्या कोठारातून बाहेर पडले याचा पाठपुरावा बातमी शिळी झाल्यावरही करा. आणि त्याच बातमीत एक चौकट द्या: प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी धुरकट दिसू लागले, पोटात कळा आल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, तर झोपून उतरेल म्हणून थांबू नका, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठा आणि काय प्यायलो ते डॉक्टरांना न लाजता सांगा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग