वर्गातलं तळं: थेंब कुठून घ्यायचा?

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार. वर्गात तळ्याचं पाणी ठेवून मुलांना सूक्ष्मजीव दाखवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. थेंब कुठून उचलतोस, यावर सगळं ठरतं. काचेच्या पेटीच्या मधलं नितळ पाणी घेतलंस, तर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी बहुतेक रिकामीच दिसेल. जीव राहतात पानांवर, काचेवर, गाळात आणि पाण्यावरच्या पातळ सायीत.

पाच लिटरची पेटी पुरे. तळ्याच्या काठचं पाणी, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या दोन-तीन काड्या, मूठभर गाळ आणि थोडी कुजकी पानं आण. मासे आणि चतुराच्या अळ्या काढून टाक, नाहीतर डॅफ्निया, सायक्लॉप्ससारखे इवले कवचधारी जीव उरणार नाहीत. फिल्टरही नको; बारीक जीव स्पंजात अडकतात. उजेड हवा, थेट ऊन नको, कारण एवढंसं पाणी दुपारी भराभर तापतं. पाणी आटलं की नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग घाल, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पेटीच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधायचंच. डासाच्या अळ्या दिसल्या तर ड्रॉपरने लगेच काढ.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. स्वच्छ काचपट्टी दोऱ्याने पाण्यात उभी टांग आणि आठवडाभर हलवू नकोस. मग एक बाजू पुसून दुसरीवर कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) ठेव. व्हॉर्टिसेला, म्हणजे घंटेच्या आकाराचे एकपेशीय जीव, देठासकट चिकटलेले सापडतात. पट्टीला हलकी टिचकी मारली की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळतो आणि सावकाश पुन्हा उलगडतो. सोबत डायटम (काचेसारख्या कवचाची एकपेशीय शेवाळं) आणि रोटिफर (डोक्यावर चाकासारखे केस फिरवणारे इवले प्राणी) हेही मिळतात.

पॅरामेशियम (चपलेच्या आकाराचे एकपेशीय जीव) भरपूर हवेत तर भाताच्या पेंढ्याचे बोटभर लांबीचे चार-पाच तुकडे अर्धा लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळ. गार करून दोन दिवस सैल झाकून ठेव, मग पेटीतलं दोन चमचे पाणी त्यात घाल. आधी बॅक्टेरिया वाढतात, त्यांना खाऊन पॅरामेशियम वाढतात. आठवडाभर धीर धर. घाण वास सुटला तर पेंढा जास्त झाला. बॅक्टेरियांनी ऑक्सिजन संपवला. अशा वेळी अर्धं पाणी बदल.

बघताना आधी १० पटीचं वस्तुभिंग (काचपट्टीकडचं भिंग) लाव. जीव पारदर्शक असतात, म्हणून डायफ्रॅम (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी झडप) बराच मिटून उजेड कमी कर. भगभगीत प्रकाशात काहीच उठून दिसत नाही. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त इथेच चुकतं. पॅरामेशियम नजरेत ठरत नसतील तर थेंबात कापसाचे चार तंतू पसरून टाक, त्यात ते अडखळतात. कव्हरस्लिप तिरकी टेकवून सोड, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. थेंब सुकायला लागला तर तिच्या कडेला पेटीतल्याच पाण्याचा थेंब सोड.

सूक्ष्मदर्शक एकच असेल तर स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटाने बनवलेले फोल्डस्कोप, म्हणजे घडीचे कागदी सूक्ष्मदर्शक, मागव. ते सुमारे १४० पट मोठं दाखवतात, वर्गाला तेवढं पुरतं.

पाण्यात हात घातल्यावर प्रत्येकाला साबणाने हात धुवायला लाव. आणि पेटी रिकामी करताना पाणी शाळेच्या बागेत ओत, दुसऱ्या तळ्यात नको.

तुझा,
सुहास