आप्पा, तुमचा क्रिम्पर अजून माझ्याकडेच आहे

तीर्थस्वरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. ‘बरं बरं, जेवली का?’ म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. चोपड्यात कुणी ना कुणी तुम्हाला वाचून दाखवेलच.

गेल्या आठवड्यात एम.टेक.ची तोंडी परीक्षा झाली. सायबर सुरक्षा आणि नेटवर्किंग. बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला : स्विचमध्ये, म्हणजे नेटच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्यात, लूप झाला तर काय होतं? मला हसू आवरेना. सरांना वाटलं, येत नाही म्हणून हसतेय.

तुमच्या केबल-इंटरनेटच्या ऑफिसात मी कामाला होते तेव्हाचा तो कानबाईच्या सणाचा रविवार तुम्ही विसरला नसालच. त्या वेळी गल्लीत अजून लॅन केबलच होती. केळीच्या व्यापाऱ्याच्या गच्चीवरच्या पेटीत एक वायर लोंबकळताना दिसली, ती मी मोठ्या हुशारीने रिकाम्या पोर्टात खोचली. दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये होतं! सगळे हिरवे दिवे एका तालात लुकलुकायला लागले आणि अर्ध्या गावाचं नेट गेलं. घरोघरी रोट, सुरत-पुण्याहून आलेली भाऊबंदकी, ऑफिसचा फोन थांबेना. मी रडकुंडीला आलेली. तुम्ही शिडी चढून वर आलात, ओरडला नाहीत. एवढंच विचारलंत, ‘शेवटला हात कशाले लावला?’

सरांना तेच सांगितलं, फक्त पुस्तकी भाषेत. नेटवरून माहिती ज्या आयपीच्या पाकिटांतून जाते, त्या प्रत्येकावर एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटरगणिक एकाने घटतो, शून्य झाला की पाकीट टाकून देतात. स्विचमधून जाते त्या इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे बाहेरच्या वेष्टनाला, असा आकडाच नसतो. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून सोडलेला निरोप, लूपमध्ये सापडला की घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो, नवे येतात त्यांची भर पडते, आणि खऱ्या कामाला वाटच उरत नाही. रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी १९८५ मध्ये यावर स्पॅनिंग ट्रीचा उपाय काढला. जादाची वाट स्विच आपणहून बंद ठेवतात. आपल्या त्या स्वस्तातल्या मुक्या स्विचला ते येत नव्हतं, एवढंच.

पदवी घेऊन मी वर्षभर घरी बसले होते. पुढे शिकायचं म्हटलं की घरात सगळे गप्प. तुम्ही तक्रारीचे फोन घ्यायला ठेवलंत आणि महिन्याभरात क्रिम्पर, म्हणजे केबलच्या टोकाला जॅक बसवायचं अवजार, हातात दिलात. केबलमधल्या तारांचा क्रम : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पाढ्यासारखं पाठ केलं. पहिले सात जॅक वाया गेले. तुम्ही ते मोजलेत, पण पगारातून कापले नाहीत.

एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेटची परीक्षा ३ तासांची, ६५ प्रश्नांची. तिच्यासाठी चार महिने माझी दुपारची पाळी तुम्ही केलीत आणि माझ्या वाटच्या शिव्या फोनवर खाल्ल्यात. जळगावला निघताना म्हणालात, ‘तू जाय, मी शे ना आठे.’ गेटमुळे दरमहा १२,४०० रुपये मिळत गेले, म्हणून मी इथे तगले. पण फॉर्मचे पैसे तुमचे होते.

प्रबंधाचा विषयही आपल्या काउंटरवरचाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रॅमने, जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कुठलं अवघड कुलूप न फोडता. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते, आणि असे साठेक नाव-पासवर्ड पाळीपाळीने लावून बघायचे एवढंच त्याचं काम. आपणही घरोघरी ॲडमिन-ॲडमिन तसंच सोडून यायचो की! सुट्टीत आले तेव्हा हे बोलले, तर तुम्ही आधी चिडलात. ‘लोक पासवर्ड विसरतात, मग रात्री ११ वाजता फोन मला करतात.’ खरंच होतं. वर्गात दोन वर्षं सुरक्षा शिकले, पण रात्री ११ च्या फोनचा विचार कुणी केलेला दिसला नाही. माझं तिसरं प्रकरण तुमच्या त्या चिडण्यातून निघालंय.

तरीही दुसऱ्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक राउटरला वेगळा पासवर्ड घालून तो खाली मार्करने लिहायला लागलात. इथे काही जण यावर नाक मुरडतात. मुरडोत. राउटरच्या बुडाशी लिहिलेलं वाचायला चोराला चोपड्यात यावं लागेल. फक्त गिऱ्हाइकांचं ते लाल रजिस्टर काउंटरवर उघडं टाकू नका, पाया पडते. त्यात अख्खं गाव आहे.

दिवाळीला येते. काकूंना सांगा, थंडी पडली असेल तर शेतातच भरीत करू, कळण्याची भाकरी मी थापते. आणि क्रिम्पर मागू नका. त्याचं पातं बोथट झालंय, तुमच्यासाठी नवा घेऊन येते. जुना माझ्या टेबलावरच राहू द्या.

तुमची,
तक्रारीच्या फोनवाली